विजरईचा वाडा

गोवे पाहून आलेल्या माणसाला विचारावे, 'जुने गोवे केलेत का?' तर तो म्हणतो, 'हो तर, पहिल्याच दिवशी!' आणि मग सांगू लागतो. बॉम जेझूच्या चर्चमध्ये फ्रान्सिस झेवियरचे शव चांदीच्या पेटीत ठेवले आहे. से कॅथीड्रलचा एक मनोरा १७७६ साली पडला, एकच उरला आहे, आणि त्यातली घंटा केवढी मोठी आहे! सेंट ऑगस्टीनचा अर्धा मनोरा आभाळात नुसता उभा आहे. हे सारे खरे आहे आणि पाहण्यासारखेही आहे. पण त्याचे बोलणे संपत आले म्हणजे हळूच विचारावे, 'आणि ह्या शहरावर राज्य करणारा माणूस राहत कुठे असे?' येथे बहुतेकांचे गाडे अडते.

प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून थेट चीनजवळच्या मकावपर्यंत पोर्तुगिजांची जी ठाणी पसरली होती, त्या सगळ्यांचा मुख्य कारभार मांडवीच्या काठावरच्या ह्या गावातून चाले. वसई, चौल, दमण ही आपल्या ओळखीची ठाणीही त्यातच आली. कारभार पाहणाऱ्याला कधी गव्हर्नर म्हणत, कधी त्याहून मोठा 'व्हिसोरेय' हा किताब मिळे. आपल्या जुन्या मराठी कागदांत त्याच माणसाला 'विजरई' म्हटले आहे. कुणा कारकुनाने कानाला लागला तसा शब्द लिहून टाकला आणि तो रूढ झाला. मला तो आवडतो. व्हाइसरॉय म्हटले की डोळ्यांसमोर दिल्ली येते. विजरई म्हटले की गोवेच.

तर ह्या विजरईचा वाडा होता, मोठा होता, आणि आता तो नाही. शत्रूने तोफा डागून तो पाडला असे म्हणाल तर तसेही नाही. ज्यांचा होता त्यांनीच तो पाडला. अशी नसलेली वास्तू पाहावयास जाणे म्हणजे नेमके काय पाहणे, ते थोडे सांगतो.

पणजीहून जुने गोवे सुमारे दहा किलोमीटर. नवा महामार्ग आहे, परंतु जाताना तो टाळावा आणि रायबंदरवरून जाणारा जुना नदीकाठचा रस्ता धरावा. पणजी सुटली की सुमारे तीन किलोमीटरचा जो सरळ बांध लागतो, एका बाजूला मांडवी आणि दुसऱ्या बाजूला मिठागरे व दलदल, तो काउंट ऑफ लिन्यारिस ह्या विजरईने १६३३-३४ च्या सुमारास घातलेला आहे. आज त्याच्यावरून बसगाड्या धावतात. वाडा पाहण्याआधी वाड्यातल्या एका माणसाचे काम असे पायाखालून जाते आणि ते चालू स्थितीत आहे, हे लक्षात ठेवावे.

आणखी एक तयारी करावी. यान लिन्स्कोटन नावाचा एक डच तरुण १५८३ ते १५८८ ह्या काळात गोव्याच्या आर्चबिशपच्या पदरी चिटणीस होता. डोळ्यांनी फार तिखट. घरी परतल्यावर १५९६ साली त्याने आपल्या प्रवासाचे मोठे पुस्तक छापले, आणि त्यात गोवे शहराचा एक सुरेख नकाशा घातला. उंचावरून पाहिल्यासारखी घरे, रस्ते, नदीतली गलबते, सगळे त्यात काढलेले आहे. त्याची छायाप्रत सहज मिळते. ती खिशात ठेवावी. कारण जुन्या गोव्यात आज डोळ्यांना दिसतात ती चर्चे आणि त्यांच्यामधली हिरवळ. अशी प्रशस्त हिरवळ पाहून मनुष्याला वाटते, वा! काय मोकळे शहर बांधले होते! नकाशा उघडला म्हणजे कळते की हे मोकळेपण खोटे आहे. जिथे हिरवळ आहे तिथे घराला घर लागून होते, बाजार होता, लिलाव चालत, माणसेही विकली जात. उरली ती चर्चे. बाकीचे शहर उचलले गेले.

नदीपाशी उतरावे. धक्क्यावरून शहरात शिरणाऱ्या रस्त्यावर एक कमान आहे. ती विजरईची कमान. फ्रान्सिस्कु द गामा हा वास्को द गामाचा पणतू १५९७ साली विजरई होऊन आला आणि १५९९ च्या सुमारास त्याने पणजोबाच्या नावाने ही कमान उभारली. वर कोनाड्यात वास्कोचा पुतळा आहे. जुने इतिहासकार असे सांगतात की, पणतू गोवे सोडून जाऊ लागला तेव्हा त्याच्यावर खार खाऊन असलेल्या त्याच्याच लोकांनी हा पुतळा खाली ओढला होता, मग तो पुन्हा बसवावा लागला. कमानीच्या दुसऱ्या अंगाला एक स्त्रीमूर्ती आहे. हातात तलवार, आणि पायाखाली पागोटे घातलेला माणूस. त्याचा अर्थ कुणी समजावून सांगावयास नको. आज दिसते ती कमान १९५४ साली पुन्हा बांधलेली आहे, हेही सांगून ठेवतो. पोर्तुगिजांची सत्ता जायला तेव्हा सातच वर्षे उरली होती.

नवा विजरई गलबतातून उतरला की ह्या कमानीखालून शहरात येई, आणि त्याचा वाडा कमानीला लागूनच होता. नदीकडे तोंड करून उभी असलेली ती वास्तू लिन्स्कोटनच्या नकाशात स्पष्ट दिसते. आज कमानीतून वर चालू लागले की डाव्या हाताला सांव काजेतानचे घुमटाचे चर्च लागते. रोमच्या सेंट पीटरच्या धर्तीवर ते सतराव्या शतकात बांधले. लोक सरळ घुमटाकडे जातात. आपण तसे न करता आवारातच थोडे थांबावे आणि इकडेतिकडे पाहावे. झाडांच्या सावलीत, चौथऱ्यावर, काळ्या दगडाची एक चौकट उभी आहे. दाराला फळ्या नाहीत, बाजूला भिंती नाहीत, मागे घर नाही. थोड्या पायऱ्या चढाव्या, चौकटीतून आत जावे, की माणूस पुन्हा बाहेरच! विजरईच्या वाड्याचे जागेवर राहिलेले एवढेच.

आमच्या कॉलेजच्या मुलांना घेऊन तिथे गेलो म्हणजे ती हमखास विचारतात, 'सर, एवढंच?' मी म्हणतो, एवढेच. पण नीट पाहा.

नीट पाहिले म्हणजे दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली दगडाची. सगळा गोवे-कोकणचा भाग जांभ्याचा. तांबडा, भोकाभोकांचा चिरा. घरे त्याचीच, किल्ले त्याचेच, चर्चेही त्याचीच. चर्चच्या दर्शनी भागाला तेवढा कुठे कुठे दुसरा दगड. ही चौकट मात्र काळ्या फत्तराची आहे, आणि त्यावर बारीक घडाई केलेली आहे. दुसरी गोष्ट बांधणीची. वर कमान नाही. दोन नक्षीदार खांब, त्यांच्यावर आडवा पाट, दोन्ही अंगांना कोरलेल्या जाळीचे तुकडे. म्हणजे देवळाच्या दरवाजाची रीत. पोर्तुगीज कारागिराने हे असे केले नसते. विजापूरच्या बादशाहीतला वाडा म्हणून पाहू गेलो तर तिथेही आपण कमानीची वाट पाहतो. मग हे आले कुठून? माझ्यापुरते मी असे समजतो की मालक बदलले तरी छिन्नी धरणारे हात इथलेच होते, आणि त्यांनी आपल्या ओळखीची चौकट घडवली.

कारण ही जागा मुळात विजरईची नव्हेच. पंधराव्या शतकाच्या अखेरीस गोवे बहामनींकडून विजापूरच्या यूसुफ आदिलशहाकडे आले आणि मांडवीकाठच्या एला ह्या बंदराचा भाग्योदय झाला. आदिलशहाचा कोट इथे होता. अफोन्सु द अल्बुकर्कने १५१० साली हे शहर एकदा घेतले, गमावले, आणि २५ नोव्हेंबरला पुन्हा घेतले. जिंकणाऱ्याला वाडा बांधण्याची घाई नसते. तयार वाडा मिळालेला असतो. पोर्तुगीज गव्हर्नर आदिलशहाच्या वाड्यात राहावयास गेले.

येथे थोडा घोटाळा होतो, म्हणून खुलासा केलेला बरा. गव्हर्नरांच्या राहण्याच्या जागा जुन्या गोव्यात एक नव्हे, दोन होत्या, आणि दोन्ही मूळच्या आदिलशाही. पहिली शहराच्या मध्यभागी, से कॅथीड्रलपुढच्या पटांगणाशी. तिला 'साबायुचा वाडा' म्हणत. साबायु हे पोर्तुगिजांनी आदिलशहाला दिलेले नाव. गव्हर्नर प्रथम तिथे राहत. १५५४ साली पेद्रु माश्करेन्यश हा विजरई होऊन आला तो सत्तरी ओलांडलेला. त्याला तिथले जिने चढवत नसत, म्हणून त्याने मुक्काम नदीकाठच्या कोटातल्या वाड्यात हलवला, असे सांगतात. म्हातारा पुढल्या वर्षी वारला, परंतु त्याच्यामागून येणारे सगळे तिथेच राहिले. आपली काळी चौकट ह्या दुसऱ्या वाड्याची.

आणि पहिला वाडा रिकामा झाला त्यात कोण आले? १५६० साली इन्क्विझिशनची कचेरी. धर्माच्या बाबतीत संशयित ठरलेल्यांचा न्याय करणारी, म्हणजे प्रत्यक्षात त्यांना डांबणारी आणि कित्येकांना जाळणारी सभा. लोक त्या इमारतीला दबल्या आवाजात 'वडले घर', म्हणजे मोठे घर, एवढेच म्हणत. तिथे सोळा हजारांवर खटले चालले. शार्ल देलाँ नावाचा एक फ्रेंच वैद्य त्या घराच्या कोठडीत पडला होता. सुटल्यावर त्याने १६८७ साली आपली हकिकत छापली, म्हणून आतले थोडेफार जगाला कळले. १८१२ मध्ये ही सभा कायमची बंद झाली, तिचे बहुतेक कागद जाळण्यात आले, आणि पुढे घरही गेले. अ. का. प्रियोळकरांनी ह्या विषयावर १९६१ साली इंग्रजीत ग्रंथ लिहिला तेव्हा त्यांना उरलेल्या तुकड्यांवरूनच काम करावे लागले. आज त्या जागी काय आहे? पटांगण. कॅथीड्रलचा फोटो नीट यावा म्हणून लोक मागे मागे सरकत जिथे जाऊन उभे राहतात, त्याच्या आसपासच ते मोठे घर होते. खुणेला ह्याची चौकटसुद्धा नाही.

पुन्हा नदीकाठच्या वाड्याकडे वळू. आत काय होते? पिरार द लाव्हाल हा फ्रेंच खलाशी मालदीव बेटांवर गलबत फुटून पाच वर्षे अडकला होता, आणि तेथून फिरत फिरत १६०८ साली गोव्यात आला. त्याने ह्या वाड्याच्या दालनांचे वर्णन केले आहे. एका दालनात पोर्तुगालहून हिंदुस्थानात आलेल्या गलबतांची चित्रे होती, वर्षावर्षाचे तांडे काढलेले. आणि दुसऱ्यात आजवरच्या सगळ्या गव्हर्नरांच्या नि विजरईंच्या तसबिरी. विजरईला भेटावयास येणारा माणूस, मग तो व्यापारी असो की कुणा राजाचा वकील असो, आधी ह्या भिंती पाही आणि मग विजरईला. बसवण्याची ही युक्ती सगळ्याच दरबारांना ठाऊक असते.

तसबिरींची हकिकत मोठी मौजेची आहे. जुवांव द कास्त्रु ह्या गव्हर्नराने १५४७ साली आपल्याआधीच्या सगळ्यांची चित्रे काढवून घेण्याचे मनात आणले. अल्बुकर्कला वारून तेव्हा बत्तीस वर्षे झाली होती. तोंडे आठवणार कोण? गास्पार कुर्रेय नावाचा एक जुना माणूस होता. तो अल्बुकर्कच्या हाताखाली लेखक होता, आणि हिंदुस्थानातल्या पोर्तुगिजांची बखर लिहीत होता. त्याने बहुतेकांना स्वतः पाहिले होते. तो चेहरे सांगे, काढून दाखवी, आणि रंगवणारा चितारी होता इथलाच, ह्या भूमीतला. कुर्रेयने आपल्या बखरीत एवढे नमूद केले आहे, पण चिताऱ्याचे नाव काही लिहिले नाही. तसबिरींत प्रत्येक गव्हर्नराचे नाव आहे, कुळाची ढाल आहे, पोशाखाची कलाबूत आहे. ज्याने हे सारे रंगवले त्याची कुठे सहीसुद्धा नाही. ह्याच रीतीने पुढे दर नव्या विजरईची तसबीर भर पडत गेली.

आता वाडा गेला कसा, ते सांगतो. पडझडीची तारीख १८२० आहे, परंतु घराचे ग्रह फिरले ते त्याआधी सव्वाशे वर्षांपूर्वी, आणि त्यात आपल्याकडचा एक धागा आहे.

१६८३ च्या नोव्हेंबरात संभाजी महाराजांच्या फौजेने ओहोटीचा मोका साधून, रात्री, शहराच्या वरच्या अंगाचे जुवे बेट घेतले. वाड्यापासून दोन-तीन मैलांवर. दुसऱ्या दिवशी काउंट ऑफ आल्व्होर हा विजरई स्वतः चालून गेला. त्याचा मोड झाला, माणसे पाण्यात बुडाली, तो कसाबसा परतला. शहरात हाहाकार उडाला. विजरई बॉम जेझूत गेला, झेवियरची शवपेटी उघडवली, आणि आपल्या अधिकाराचा दंड त्या शवाजवळ ठेवून दिला. म्हणजे आता राज्य तूच सांभाळ! पुढे मोगल शहजाद्याची मोठी फौज घाट उतरून येत असल्याची खबर आली, मराठ्यांना माघारी वळावे लागले, आणि गोवे बचावले. हा सगळा पत्रव्यवहार व सभांची टिपणे गोव्याच्या दप्तरखान्यातून पांडुरंग पिसुर्लेकरांनी बाहेर काढली. 'पोर्तुगेज-मराठे संबंध' हे त्यांचे पुस्तक पुणे विद्यापीठाने १९६७ साली छापले. ते जिज्ञासूंनी मुळातूनच वाचावे.

वचावले खरे, पण विजरईच्या मनातली धास्ती गेली नाही. ही जागा धोक्याची, राजधानी मुरगावला समुद्रावरच्या किल्ल्यात हलवावी, असा आग्रह त्याने धरला, आणि लिस्बनच्या राजाने तो मान्य केला. मुरगावला कामे निघाली. जुन्या शहरातल्या सरकारी इमारती पाडून त्यांचे चिरे तिकडे न्यावे, असे हुकूम सुटले. १७१२ मध्ये तो बेत सोडून दिला गेला. परंतु शहराचा दगड उचलून दुसरीकडे नेता येतो ही गोष्ट एकदा सरकारला सुचली, ती सुचलीच.

तेवढ्यात दुसरे कारण जोर धरत होते, आणि खरे बळकट कारण तेच: रोगराई. एकावर एक साथी येत होत्या. जांभा दगड आणि जांभ्याची जमीन ही चाळणीसारखी. दाट वस्ती, घराशेजारी घाण, आणि घराघरांत विहीर. वरचे झिरपून खाली विहिरीत येणार, हे आज शाळेतला मुलगाही सांगेल. तेव्हा हवेला दोष देत. त्यात दलदलीचे हिवताप. ज्यांना शक्य होते त्यांनी काढता पाय घेतला. १६९५ मध्ये खुद्द विजरईनेही मुक्काम हलवून खाली पणेली इथे नेला. वाडा समारंभापुरता उरला. १७५९ साली काउंट ऑफ ऐगा हा विजरई त्याहून खाली, पणजीला जाऊन राहिला. आणि पणजीत तो कुठे उतरला? पुन्हा आदिलशहाच्याच एका वाड्यात! नदीकाठची ती इमारत पुढे सचिवालय म्हणून सगळ्यांच्या ओळखीची झाली. ती आजही उभी आहे. १८४३ मध्ये पणजी रीतसर राजधानी ठरली, आणि १९१८ मध्ये गव्हर्नर जनरल काबोच्या टोकावर, समुद्रावर, राहावयास गेले. १९६१ च्या १९ डिसेंबरला सत्ता संपली तेव्हा शेवटच्याचे घर तेच होते. चार शतकांत हा मुक्काम असा एकेक टप्पा समुद्राकडे सरकत गेला. मला त्यात जहाजाची वाट पाहणे दिसते. तुम्हाला नाही दिसले तरी हरकत नाही.

आता जांभ्याच्या घराची एक गोष्ट कोकणातल्या माणसाला सांगावयास नको, देशावरच्यांसाठी सांगतो. चिरा खाणीतून काढताना मऊ असतो, कुऱ्हाडीने तासता येतो; वारा लागला की कठीण होतो. पण पावसाचा मारा त्याला सोसत नाही. म्हणून त्यावर चुन्याचा गिलावा हवा, आणि तो वरचेवर हवा. चुना शिंपल्यांचा. गिलावा गेला की चार-दोन पावसाळ्यांत भिंत विरघळू लागते. जवळच बॉम जेझूची तांबडी भिंत पाहा. तिचा गिलावा १९५० च्या दशकात, पोर्तुगिजांच्याच अमलात, मुद्दाम काढला; दगड उघडा पडला तो छान दिसतो म्हणून लोक वाखाणतात, आणि तो दरसाल झिजतो म्हणून जाणकार काळजी करतात. तेव्हा माणूस राहत नसलेला, गिलावा नसलेला एवढा मोठा वाडा किती दिवस टिकणार? आणि तो पाडला तर चिरे मात्र कामाला येतात. मापात कापलेले, चुन्यातून सुटे होणारे. इकडे पणजीत नवी इमारत उठवायची होती, तिकडे तयार दगड पडून होता. १८२० साली वाडा पाडण्याचा हुकूम झाला. सामान पणजीच्या बांधकामांकडे गेले. पुढे मानुएल द पोर्तुगाल इ कास्त्रु ह्याच्या अमदानीत, १८२७ ते १८३५, पणजीत लष्करी बराकी आणि रस्ते झपाट्याने झाले, तेव्हाही जुन्या शहराच्या पडक्या इमारतींतून दगड येतच होता. पणजीत फिरताना एखाद्या जुन्या सरकारी भिंतीला हात लावावा. त्यात विजरईच्या वाड्याचा चिरा नसेलच असे कुणी सांगू शकणार नाही.

पुण्यातल्या शनिवारवाड्याची इथे आठवण होते. तिथेही दरवाजा राहिला आणि वाडा गेला. पण १८२८ च्या आगीत लाकूड जळाले, दगडी जोती जागेवर राहिली; आज त्या जोत्यांवरून दालने मोजता येतात. जुन्या गोव्यात आग नव्हती, हिशेब होता. हिशेबाने जोतीही नेली. आगीपेक्षा हिशेब अधिक साफ काम करतो.

मग काळी चौकट का राहिली? माझा तर्क असा की ती बिनकामाची होती. घडीव खांब नि जाळी नव्या बराकीच्या भिंतीत बसत नाही. म्हणजे गंमत पाहा: विजरईंनी आपल्या हाताने जे वाढवले, सजवले, ते सगळे मोडीत गेले, आणि त्यांच्याआधीच्यांचे तेवढे राहिले. ह्यावरून कुणी त्याला 'आदिलशहाच्या वाड्याचा दरवाजा' म्हणतात, कुणी विजरईच्या वाड्याचा. भांडण नको. दोन्ही खरे आहे. ज्या चौकटीतून आदिलशहाचे सुभेदार गेले, तिच्यातूनच १५५४ पासून १६९५ पर्यंत विजरईही जात होते.

एक गोष्ट मात्र मला बोचते. जुन्या गोव्याला १९८६ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले. त्या नोंदीचे नावच आहे 'गोव्याची चर्चे आणि मठ'. चांगलेच झाले. पण नावामुळे असे झाले की जुने गोवे म्हणजे चर्चे, आणि चर्चांच्या मधली जमीन म्हणजे मोकळी जमीन, अशी लोकांची समजूत पक्की झाली. आणि मोकळ्या जमिनीवर कुणाचा डोळा जात नाही? २०२१ साली ह्याच परिसरात, नदीकडच्या बाजूला, एका नव्या बंगल्याच्या बांधकामावरून मोठा वाद उठला. गोव्यातले लोक, त्यात सर्व धर्मांचे आले, रस्त्यावर आले. कायद्याची बाजू कायदेपंडित पाहतील. परंतु इतिहास शिकवणारा म्हणून मला एवढे दिसते की, चर्चला हात लावण्याचे धाडस कुणी करणार नाही. धोका आहे तो जिथे काही दिसत नाही त्या जमिनीला. हिशेबाने चिरे नेले, पण पाये, मोऱ्या, विहिरी, फुटकी खापरे, चिनी मातीच्या बशांचे तुकडे हे नेण्याच्या लायकीचे नव्हते म्हणून खालीच राहिले असणार. विजरईच्या स्वयंपाकघरात कोण राबत होते, गुलाम कुठे निजत होते, पाणी कुठल्या विहिरीचे होते, हे तसबिरींनी सांगितले नाही आणि पिराराने लिहिले नाही. ते सांगेल तर ती माती. तिच्यात एकदा नव्या बंगल्याचा पाया खणला की तो कागद फाटला. इन्क्विझिशनचे दप्तर जाळले म्हणून आपण हळहळतो. हे दप्तर तर अजून कुणी उघडलेलेही नाही.

कुणी म्हणेल, परक्या राज्यकर्त्याच्या घराचे एवढे कशाला? त्यांनी आमची देवळे पाडली नाहीत का? पाडली. कमानीखालच्या धक्क्यावरून फेरीबोट सुटते ती समोरच्या दिवाडी बेटावर जाते. त्या बेटावर सप्तकोटेश्वराचे मूळ देऊळ होते. सोळाव्या शतकात ते पाडले, देव नदीपलीकडे डिचोली महालातल्या नार्व्याला गेला, आणि तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी करवला. जुने गोवे पाहणाराने ही बोट जरूर घ्यावी. पाडलेल्या देवळाची जागा आणि पाडलेल्या वाड्याची जागा समोरासमोर आहेत, मधे मांडवी. मी दोन्ही पाहतो. एकीची माहिती सांगून दुसरीची झाकण्याने माझ्या विद्यार्थ्यांचा काय फायदा होणार?

बोटीतून परत येताना नदीतून काठाकडे पाहावे. नवा विजरई येई तो ह्याच बाजूने. डावीकडे झाडी, मधे कमान, मागे सांव काजेतानचा घुमट. लिन्स्कोटनचा नकाशा ह्या वेळी काढावा, म्हणजे वाडा कुठून कुठपर्यंत होता त्याचा अंदाज डोळ्यांना येतो. सकाळची वेळ चांगली. उन्हाळ्यात दुपारी मुलांना घेऊन जाऊ नये.

शेवटी, त्या तसबिरी कुठे गेल्या ते राहिले. वाड्यातून त्या पणजीच्या वाड्यात गेल्या. गोवे मुक्त झाल्यावर पुरातत्त्व खात्याने १९६४ मध्ये जुन्या गोव्यातच सेंट फ्रान्सिसच्या मठात संग्रहालय काढले, आणि तसबिरी तिथे आल्या. म्हणजे वाड्याला जाऊन दोनशे वर्षे झाली, पण त्याच्या भिंतीवरची माणसे पाच मिनिटांच्या वाटेवर परत आली आहेत. सुमारे साठ आहेत. पुढच्या काळात त्यांच्यावर पुन्हा पुन्हा रंग चढवला गेला, त्यामुळे पहिल्या चिताऱ्याचा हात आता वरून ओळखू येत नाही. रंगाच्या थरांखाली तो आहे. आधी चौकट पाहावी, मग ह्या तसबिरी पाहाव्या. उलट केले तर गोडी जाते. संग्रहालय शुक्रवारी बंद असते, तेवढे लक्षात घेऊन दिवस ठरवावा.